सिकलसेल : जनुक एक, दुखणी अनेक

गेल्या वर्षीची गोष्ट. नंदनवन भागातील आमच्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्राच्या तासाला आनुवंशिकता शिकवीत होते. मेंडेलचे वाटाणे संपवून सिकलसेलवर आले, तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हा आजार आपल्याच लोकायले काहून होते? आपलं रगतच खराब हाये का?" वर्गात सगळ्या जातींची मुले होती. काही हसली, काहींनी माना खाली घातल्या. घंटा झाली म्हणून मी सुटले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

तो मला नवा नव्हता. माझे वडील इतवारीत हमाली करीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते, आणि थोरल्या काकांचा मुलगा तर शाळाही पुरी करू शकला नाही. दर पावसाळ्यात त्याची हाडे फुटायची, डोळे पिवळे पडायचे. कोणी वात म्हणे, कोणी कावीळ. मांत्रिकही झाला; बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून अंगारा लावला गेला, हे लपविण्यात अर्थ नाही. तो गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. आजाराचे नाव आम्हाला शेवटच्या महिन्यात कळले, आणि ज्या डॉक्टरांनी ते सांगितले त्यांनी वर हेही ऐकविले, "तुमच्या लोकांत हे असतेच." काकूला ते वाक्य आजही जसेच्या तसे पाठ आहे. रोगाचे नाव मात्र तिला नीट उच्चारता येत नाही.

"तुमच्या लोकांत हे असतेच" या वाक्यात विज्ञान किती आणि जात किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

वैद्यकाच्या नोंदीत हा आजार आला तो १९१० साली. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्या. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. दीक्षाभूमीवरील धर्मांतराला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. माणसे बौद्ध झाली, पण वैद्यकीय कोष्टकात 'महार' हा रकाना राहिला, तो पुढच्या कित्येक शोधनिबंधांतही राहिला. त्याच्या शेजारी पुढे कुणबी आणि तेली, गोंड, प्रधान आणि माडिया हेही रकाने आले, हे सांगायला लोक विसरतात. आपल्यात प्रमाण जास्त आहे, हे खरे. 'आपल्यातच' आहे, हे खोटे.

आता रक्तात नेमके काय होते ते पाहू. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोचविते. त्याच्या चार साखळ्या असतात, दोन आल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी म्हणजे १४६ मण्यांची माळ समजा. या माळेतला सहावा मणी बदललेला असतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्राम यांनी हे १९५६-५७ मध्ये दाखवून दिले. जनुकाच्या लिपीत पाहिले तर फरक फक्त एका अक्षराचा आहे. पण त्या एका मण्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या होतात आणि गोल, लवचीक पेशी वाकडी व ताठर बनते. एरवी चार महिने जगणारी पेशी मग दोन-तीन आठवड्यांतच फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. बारीक रक्तवाहिन्यांत या पेशी अडकतात, म्हणून हाडे फुटल्यासारख्या वेदना. पाणथरी निकामी होते, म्हणून लहान मुले साध्या जंतूंनीही दगावतात. अंगातले पाणी कमी झाले की पेशी अधिक वाकतात. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर विटा वाहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक, ज्याला आपल्याकडे 'ए-एस पॅटर्न' म्हणतात. दोन्ही बदललेल्या असतील तर 'एस-एस', म्हणजे रोगी. वाहक हा रोगी नव्हे. तो शेतात राबतो, परीक्षा देतो, म्हातारा होतो. आणि मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून त्याला बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून मांडले. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरियाने माणसे मेली, तिथे हे जनुक टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी आणि आपल्या मध्य भारतात. म्हणजे ज्याला रक्ताची खोट म्हणून हिणवले जाते, तो आपल्या पूर्वजांना जगविणारा बदल होता. त्याची किंमत दोन्ही प्रती वाट्याला आलेल्या लेकरांनी मोजली.

मग ते काही जातींत साठून का राहिले? याचे उत्तर जीवशास्त्राच्या पुस्तकापेक्षा बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अधिक चांगले मिळते. जातीअंतर्गत विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म, असे त्यांनी तेथे मांडले. सोयरीक त्याच वर्तुळात फिरत राहिली की जनुकही त्याच वर्तुळात फिरते. जात जनुक घडवीत नाही. ती त्याला कोंडून ठेवते. पण म्हणून आंतरजातीय विवाह हे सिकलसेलवरचे औषध आहे, असे काही उत्साही मित्र व्यासपीठावरून सांगतात, ते अर्धवट आहे. बौद्ध वाहक आणि तेली वाहक यांच्या संसारातही प्रत्येक गर्भाला रोगाचा धोका चारात एक इतकाच राहील. आंतरजातीय विवाह अवश्य करावेत; त्यांना रक्ताच्या तपासणीचा आधार लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. सहावा मणी सगळ्या रोग्यांत सारखाच बदललेला असतो. मग एकाच वस्तीत एक मुलगा महिन्याला दवाखान्यात आणि दुसऱ्याला तिशीपर्यंत आपण एस-एस आहोत याचा पत्ता नाही, हे कसे?

बराच काळ समजूत अशी होती की भारतातील सिकलसेल सौम्य असतो. तिला आधारही होता. बदललेल्या जनुकाच्या आजूबाजूची लिपी पाहून शास्त्रज्ञ त्याचे घराणे ओळखतात. आफ्रिकेत अशी चार मुख्य घराणी आहेत, आणि भारत व अरबस्तानातले घराणे वेगळे आहे, हे १९८६ साली स्पष्ट झाले. (हा बदल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाला, असे त्यावरून म्हटले गेले. २०१८ साली एका अभ्यासाने उगम एकच असल्याचा दावा केला. तो वाद आपण तज्ज्ञांवर सोपवू.) या अरब-भारतीय घराण्याचा एक गुण असा की त्यात गर्भ-हिमोग्लोबिन जास्त राहते. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते. जात हा शब्द इथेही आलाच! जन्मानंतर सहाएक महिन्यांत ते ओसरते, आणि म्हणूनच सिकलसेलचे बाळ तोवर धडधाकट दिसते. ज्यांच्यात ते मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते, त्यांच्या पेशीत काड्या कमी होतात आणि दुखणे हलके होते.

पण नागपूरच्या वॉर्डातील मुले सौम्य आजाराची नव्हती. १९९७ साली मुखर्जी, कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, तो प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. त्यांनी गुजरातमधील वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण यांची तुलना केली. दोन्हीकडे जनुक तेच, घराणेही तेच अरब-भारतीय. तरी वलसाडचा आजार सौम्य आणि नागपूरचा तीव्र. फरक सापडला तो दुसऱ्याच जनुकात. वलसाडच्या जवळजवळ सर्व रुग्णांत आल्फा साखळीच्या जनुकाचा काही भाग गळालेला होता, ज्याला आल्फा थॅलेसेमिया म्हणतात. नागपुरात हे प्रमाण बरेच कमी होते. एरवी ही उणीवच. पण सिकलसेलमध्ये तीच उपकारक ठरते. पेशीत हिमोग्लोबिनची दाटी कमी, म्हणून काड्या कमी, म्हणून पेशी फुटण्याचे प्रमाणही कमी.

माणूस एका जनुकाने बनत नाही. गर्भ-हिमोग्लोबिन बंद करणारा 'बीसीएल-११-ए' नावाचा आणखी एक जनुक आहे. तोही माणसागणिक थोडा वेगळा असतो. म्हणून 'तुमच्या लोकांचा आजार' असे एकच काही नसते. एकाच आईच्या पोटची दोन एस-एस भावंडेदेखील वेगवेगळी आजारी असतात. जातीचे नाव विचारून रोग्याचे भविष्य सांगणारा डॉक्टर ज्योतिष्याहून फार वेगळा नाही.

या ज्ञानाचा उपयोग औषधात झाला. हायड्रॉक्सियुरिया हे मुळात रक्ताच्या कर्करोगावरचे औषध. ते गर्भ-हिमोग्लोबिन वाढविते आणि वेदनेचे झटके कमी करते, हे १९९५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. आपल्या मेडिकलमधील बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या मुलांना त्याची कमी मात्रा देऊन पाहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही झटके लक्षणीय कमी झाले. गोळी फार महाग नाही. पण ती रोज घ्यावी लागते, रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते, आणि त्या प्रत्येक फेरीत बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. दुसऱ्या टोकाला २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मान्य झालेला जनुकोपचार आहे. रुग्णाच्याच पेशींतील बीसीएल-११-ए चा लगाम सैल करून तो गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. हा आकडा मी वर्गात सांगितला तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

जनुक आणि व्यवस्था यांचा हा गुंता एकट्या सिकलसेलचा नाही. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगाने काळे पुरुष गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात मरतात. आठव्या गुणसूत्रावरील काही बदल त्यांच्यात अधिक आढळतात आणि ते धोका वाढवितात, हे २००६-०७ मध्ये दिसून आले. तेवढ्यावर 'रक्तातच आहे' म्हणून हात झटकता आले असते. पण २०१९ साली तीन लाखांवर रुग्णांची माहिती तपासली गेली, तेव्हा माजी सैनिकांच्या आरोग्यव्यवस्थेत, जिथे सर्वांना सारखे उपचार मिळतात तिथे, त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंतील काळ्या-गोऱ्यांची तफावत उरली नाही. रोग होण्यात जनुकाचा हात असेल. मरण्यात दवाखान्याच्या दाराचा हात मोठा आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ब्लॅक पँथरकडून, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्या आदल्याच वर्षापासून ब्लॅक पँथरने वस्त्यांमधून सिकलसेलची मोफत तपासणी चालविली होती, हे आपल्या किती सभांतून सांगितले गेले? त्यांचे घोषवाक्य आपल्यापर्यंत आले, दवाखाना आला नाही. नागपुरात हे काम पुढे एका अभियंत्याने, संपत रामटेके यांनी, रुग्णांना आणि पालकांना संघटित करून केले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला होता.

तपासणीचा दुसरा चेहराही अमेरिकेनेच दाखविला. १९७२ च्या कायद्यानंतर तेथे तपासण्या वाढल्या आणि निरोगी वाहकांच्या नोकऱ्या व विमे अडू लागले. हवाई दलाच्या अकादमीने वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश दिला नाही. आपल्याकडे हा शिक्का सोयरिकीत बसतो, आणि बसतो तो मुलीवर. माझ्या माहितीतल्या एका मुलीचे लग्न 'ए-एस' चिठ्ठी पाहून मोडले. मुलाने स्वतःचे रक्त तपासलेच नव्हते. तो निघाला असता 'ए-ए', तर त्यांच्या एकाही मुलाला आजार होण्याची शक्यता नव्हती.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि मोहिमेचा रोख आदिवासी क्षेत्रावर आहे. तो रास्तच आहे. पण वलसाड आणि नागपूरच्या तुलनेने जे दाखविले ते आठवावे. तीव्र आजार इथल्या बिगर-आदिवासी वस्त्यांत आहे, आणि तो नंदनवनच्या आसपासच्या गल्ल्यांतही आहे. मोहिमेच्या यादीत शहरातील या वस्त्या याव्यात, नवजात बालकांची तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हावी, गोळी आणि रक्ताची तपासणी वस्तीतल्याच दवाखान्यात मिळावी, या मागण्या घेऊन कोणी मोर्चा काढला तर मी रजा टाकून येईन.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी तासानंतर थांबवून घेतले आणि वहीत चार चौकटी काढून दाखविल्या. ती आईला घेऊन मेडिकलला गेली. दोघीही ए-एस निघाल्या. आई मला भेटायला आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मंग इचं लगन कसं करू, बाई?" मी म्हटले, पोराचंही रक्त तपासून घ्या, आणि तोही ए-एस निघाला तरी लग्न मोडायचे कारण नाही, दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी होते, पुढचे ते दोघे ठरवतील. तिने ते नीट ऐकून घेतले आणि मुलीला म्हणाली, "लिहून घे वो."