सोळानंतर किती?

१, २, ४, ८, १६... रिकाम्या चौकटीत काय येईल? शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी केलेलं कुठलंही पोर प्रश्न पुरता वाचायच्या आत ३२ लिहून मोकळं होईल. दर वेळी दुप्पट, त्यात डोकं कशाला लावायचं?

आता एक वर्तुळ काढा. परिघावर एक बिंदू घ्या, मग दोन, मग तीन. दर वेळी सगळे बिंदू एकमेकांना सरळ रेषांनी जोडा आणि वर्तुळाचे तुकडे मोजा. एका बिंदूला अख्खं वर्तुळ, म्हणजे १. पुढे २, ४, ८ आणि पाच बिंदूंना १६. सहाव्या बिंदूला मात्र कितीही वेळा मोजा, ३१च भरतात. (बिंदू अगदी समान अंतरावर घेतलेत तर मधल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात आणि आणखी एक तुकडा हातचा जातो.) हिशेब सोपा आहे. एकात रेषांची संख्या मिळवायची, त्यात छेदबिंदूंची. पाच बिंदूंना १ + १० + ५, सहा बिंदूंना १ + १५ + १५. इथवर दिसलेली दुप्पट हा निव्वळ योगायोग होता.

तिसरंही एक उत्तर आहे, २३. ते देवळालीहून येतं, म्हणून त्याच्याकडे थोडं थांबून जाऊ.

ही तिन्ही उत्तरं एका जागी सापडतात. त्या जागेचं नाव ‘ऑनलाइन एनसायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस’, म्हणजे पूर्णांकांच्या मालिकांचा ज्ञानकोश. गणितवाले त्याला ‘ओईआयएस’ म्हणतात. संशोधकांच्या उपयोगाची संकेतस्थळं आज पुष्कळ आहेत. १९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’वर तर भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्राचे ताजे शोधनिबंध फुकट वाचता येतात. पण तिथे शोधायला शब्द लागतात. आपल्याला जे सापडलंय त्याला काय म्हणतात हेच ठाऊक नसेल, तर शोधाच्या चौकटीत लिहायचं काय? नव्या संशोधकाची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. ओईआयएसमध्ये शब्द लागत नाही. आकडे टाकायचे, स्वल्पविराम देऊन.

या कोशाचा जन्म अशाच अडलेल्या गाडीतून झाला. १९६४ साली नील स्लोन अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करत होते. विषय होता न्यूरल नेटवर्क. हो, आज ज्याच्या नावाने घराघरांत चर्चा चालते तेच, फक्त साठ वर्षांपूर्वीचं. त्या कामात झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या आकृत्यांची उंची मोजताना त्यांच्या हाती एक मालिका आली : ०, १, ८, ७८, ९४४, १३८००... ती किती वेगाने वाढते, तिचं सूत्र काय, हे कुणीतरी आधी काढून ठेवलं असणार असं त्यांना वाटलं. पुस्तकं चाळली. जवळपासच्या मालिका मिळाल्या, ही नाही. मग दिसेल ती मालिका ते कार्डांवर टिपून ठेवू लागले, पुढे पंचकार्डांवर. मूळ मालिकेचं सूत्रही यथावकाश निघालं. जॉन रिऑर्डन यांच्याबरोबर त्यांनी त्यावर १९६९ मध्ये निबंध लिहिला. पण तोवर कार्डांचा नाद लागला होता.

१९७३ मध्ये त्या कार्डांचं पुस्तक झालं. त्यात २३७२ मालिका होत्या, शब्दकोशात शब्द लावतात तशा क्रमाने लावलेल्या. पुस्तक बाहेर पडलं आणि पत्रांचा पाऊस सुरू झाला : ही राहिली, ती चुकली, ही माझी घ्या. १९९५ मध्ये सिमाँ प्लूफ यांच्यासह काढलेल्या दुसऱ्या पुस्तकात मालिका साडेपाच हजारांच्या घरात गेल्या आणि तरी पत्रं थांबेनात. तेव्हा कागदाचा नाद सोडून १९९६ मध्ये सगळं संकेतस्थळावर आलं. आज तिथे पावणेचार लाखांहून अधिक मालिका आहेत. नव्या मालिका कुणीही पाठवू शकतं, स्वयंसेवक संपादक त्या तपासतात. मनाला येतील ते आकडे ओळीने मांडून पाठवले तर अर्थातच परत येतात.

प्रत्येक मालिकेला ‘ए’ अक्षर आणि सहा आकड्यांचा क्रमांक असतो. पानावर व्याख्या, सूत्रं, संगणकाचे छोटे प्रोग्रॅम, कुठल्या पुस्तकात वा निबंधात ती आली त्याचे दाखले, आणि नात्यातल्या इतर मालिकांचे पत्ते. खरी मौज या नात्यांत आहे. समजा, संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी द्विशाखी वृक्ष किती तऱ्हांनी बनतात ते मोजतेय आणि तिला १, २, ५, १४, ४२ असे आकडे मिळतात. ते तिने टाकले की कातालान संख्यांचं पान उघडतं आणि कळतं, की बहुभुजाकृतीचे कर्णांनी त्रिकोण पाडणारे आणि कंसांच्या जोड्या जुळवणारे लोकही याच आकड्यांशी येऊन पोहोचलेत. तिचं अर्धं काम दुसऱ्या शाखेत आधीच झालेलं असतं.

वापरताना दोन गोष्टी जपाव्यात. पहिली एक-दोन पदं गाळून पुढची पाच-सहा टाकावीत, कारण मालिका शून्यापासून मोजायची की एकापासून, यावर गणितज्ञांचं कधी एकमत होत नाही. आणि जुळणी मिळाली म्हणून सिद्धता मिळाली असं समजू नये. नुसतं १, २, ४, ८, १६ टाकलं तर मालिकांचा ढीग पुढ्यात येतो. त्यातली आपली कोणती, हे आपणच सिद्ध करायचं.

त्या ढिगात आपली २३ असते. नियम असा : संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १ मध्ये १ मिळवून २, मग ४, ८, १६. आता १६ मध्ये १ आणि ६ मिळवले की २३. पुढे २८, ३८, ४९, ६२. या खेळाचा नाद होता दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ अशी नोकरी देवळालीत शाळामास्तराची. चार अंकी संख्यांच्या उलटापालटीतून निघणारा त्यांचा ६१७४ बहुतेकांनी ऐकलेला असतो. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ पुन्हा ४५, अशा संख्याही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. ओईआयएसमध्ये १, १२१, १२३२१, १२३४३२१ टाकून पाहा. ‘वंडरफुल डेम्लो नंबर्स’ असं शीर्षक येतं. डेम्लो हे कुणा युरोपीय पंडिताचं नाव नाही. ते डोंबिवली स्टेशनचं जुन्या काळचं नाव. त्या स्टेशनात कापरेकरांना ही कल्पना सुचली. रोजची ८:०५ पकडणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

संख्येत तिचे अंक मिळवायच्या या रीतीने काही संख्या कधीच तयार होत नाहीत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... २० घ्या. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून वीस येत नाहीत. कापरेकर त्यांना स्वयंभू म्हणत. सत्तरच्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांबद्दल एका अमेरिकी गणित नियतकालिकात प्रश्न मांडला आणि त्यांना ‘कोलंबियन’ असंही नाव पडलं. दोन नावांनी दोन खंडांत फिरणारी ही मंडळी एकच आहेत, हे शब्दांनी शोधणाऱ्याला कळायला वेळ लागेल. आकडे टाकणाऱ्याला एकच पान मिळतं आणि त्याच्या शीर्षकात दोन्ही नावं असतात.

दशमान पद्धतीवर बेतलेल्या अशा मालिकांकडे पट्टीचे गणितज्ञ जरा नाक मुरडूनच पाहतात. लिहिण्याची पद्धत बदलली की गंमत बदलते, मग त्यात खोल असं काय, हा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. ओईआयएसमध्येही अशा मालिकांवर तशी खूण असते, पण त्यांना मागच्या बाकावर बसवलेलं नसतं. कापरेकर १९८६ मध्ये गेले, हे संकेतस्थळ सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी. पुस्तिका ते स्वतःच छापून घेत. स्वयंभू संख्यांच्या पानावर दाखल्यांची यादी पाहत खाली गेलं, की नामांकित गणिती नियतकालिकांच्या रांगेत मध्येच त्यातल्या एकीची नोंद लागते. प्रकाशकाच्या जागी लिहिलंय : देवळाली कॅम्प, देवळाली.