सातशे होमरनची वाट पस्तिशीतून जाते

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये कारकिर्दीत ७०० होमरन मारणारे बॅटर आजवर चारच झाले: बॅरी बाँड्स (७६२), हँक ॲरन (७५५), बेब रूथ (७१४) आणि आल्बर्ट पुहोल्स (७०३). होमरन म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडणारा फटका. क्रिकेटमधल्या षटकाराचा भाऊबंद, पण बराच दुर्मीळ. एका हंगामात संघ १६२ सामने खेळतो आणि तेवढ्यात ४० होमरन मारणारा बॅटर मोठा स्लगर मानला जातो. हा वेग साडेसतरा हंगाम टिकला, तरच बेरीज सातशेवर जाते. म्हणूनच ऐन भरात असलेला एखादा स्लगर शेवटी कुठवर पोहोचेल, याचे भाकीत बेसबॉलच्या आकडेप्रेमींना वर्षानुवर्षे खुणावत आले आहे.

या भाकिताचे सर्वांत गाजलेले सूत्र बिल जेम्स यांचे. कॅन्ससमधल्या एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करता करता त्यांनी बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहायला सुरुवात केली आणि पुढे त्या अभ्यासाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्या या सूत्राला त्यांनीच ‘फेव्हरिट टॉय’, म्हणजे आवडते खेळणे, असे नाव दिले. त्याचे गणित शाळकरी मुलालाही जमेल. गेल्या हंगामातल्या होमरनना तिप्पट वजन, त्याआधीच्या हंगामाला दुप्पट, तिसऱ्याला एकपट; बेरजेला सहाने भागले की बॅटरची सध्याची पातळी मिळते. मग वयाची ०.६ पट २४ मधून वजा करायची. उरतात ती कामाची वर्षे. तिशीतल्या बॅटरला अशी सहा वर्षे मिळतात, छत्तिशीतल्याला जेमतेम अडीच. पातळी आणि वर्षे यांचा गुणाकार म्हणजे पुढे अपेक्षित असलेले होमरन. एखादा विक्रम गाठायला जितके होमरन हवेत, त्याच्या निम्मे या अपेक्षेतून वजा करून उरलेल्याला त्या गरजेने भागले, की विक्रमाची शक्यता निघते.

पुहोल्सच्या बाबतीत हे खेळणे थक्क करणारे ठरले. २०१० अखेर तो ३० वर्षांचा होता आणि त्याच्या खात्यात ४०८ होमरन होते. सूत्राने त्याला ६६५ वर थांबवले. २०२१ च्या मे महिन्यात एंजल्स संघाने त्याला मोकळे केले, तेव्हा त्याचा आकडा होता ६६७. पण तो तिथे थांबला नाही. २०२२ मध्ये मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगनेही क्षेत्ररक्षण न करता केवळ बॅटिंग करणाऱ्या खेळाडूची जागा कायमची मान्य केली, त्याच्या जुन्या सेंट लुईस संघाला असा एक बॅटर हवा होता आणि बेचाळिशीतल्या पुहोल्सने त्या हंगामात २४ होमरन ठोकले. नियमातल्या अशा बदलाची चाहूल कोणत्याही सूत्राला लागत नाही.

सूत्राची फसगत बहुतेक वेळा तिशीनंतर होते. जिमी फॉक्सने १९४० अखेर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ५०० होमरन पूर्ण केले होते. हिशेबाने तो ६६० पर्यंत जायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला आणखी ३४ च जमले. केन ग्रिफी ज्युनियर १९९९ अखेर ३९८ वर होता आणि ॲरनला मागे टाकण्याची त्याची शक्यता ३७ टक्के निघत होती. सिनसिनाटीच्या संघात गेल्यावर दुखापतींनी त्याला घेरले; २००२ ते २००४ या तीन हंगामांत मिळून तो २०६ सामने खेळू शकला. कारकीर्द ६३० वर संपली. ॲलेक्स रॉड्रिग्जचे प्रकरण आणखी बोलके आहे. २००७ अखेर ५१८ होमरन, त्याच हंगामात ५४ आणि बाँड्सला ओलांडण्याची शक्यता ४१ टक्के. त्यानंतर कंबरेच्या सांध्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, उत्तेजकांच्या प्रकरणात २०१४ चा पूर्ण हंगाम बंदीत गेला आणि २०१६ मध्ये तो ६९६ वर थांबला.

उलट दिशेने चुकलेल्या भाकितांत ॲरन अव्वल. १९६८ अखेर तो ३४ वर्षांचा होता, नावावर ५१० होमरन होते आणि नुकताच २९ होमरनचा फिका हंगाम गेला होता. सूत्राने त्याला ६३५ दिले असते. रूथला मागे टाकण्याची शक्यता ११ टक्के. पुढच्याच वर्षी पिचर, म्हणजे गोलंदाज, ज्यावरून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि सगळ्याच बॅटरना दिलासा मिळाला. त्याच्या ॲटलांटा संघाचे मैदानही त्याच्या सोयीचे होते. तरी खरे श्रेय सातत्याचे. एका हंगामात ५० होमरन त्याने कधीच मारले नाहीत. पण १९५५ ते १९७४ अशा सलग वीस हंगामांत एकदाही तो विसाच्या खाली गेला नाही. त्याचा सर्वोत्तम हंगाम, ४७ होमरनचा, आला वयाच्या सदतिसाव्या वर्षी. एप्रिल १९७४ मध्ये त्याने ७१५ वा होमरन मारला.

बाँड्ससाठी तर सूत्राचे उत्तर शून्य होते. २००० अखेर तो ३६ वर्षांचा, ४९४ होमरनवर. ॲरनला गाठणे हिशेबात बसतच नव्हते. पुढच्या हंगामात त्याने ७३ मारले आणि हाही हिशेब संपला. त्या काळावर उत्तेजकांच्या आरोपांचे गडद सावट आहे. त्यामुळे पस्तिशीनंतरच्या बॅटिंगचा नमुना म्हणून बाँड्सकडे पाहणे धोक्याचे आहे.

सूत्राची एक मर्यादा वेगळीच आहे: गमावलेले हंगाम त्याला दिसत नाहीत. टेड विल्यम्सच्या ५२१ होमरनमागे दोन युद्धांत गेलेले जवळपास पाच हंगाम आहेत, तर विली मेजच्या ६६० मध्ये लष्करी सेवेची दोन वर्षे भरावी लागतात.

२०२५ अखेरचे आकडे या गणितात घातले, तर ३३ वर्षांचा ॲरन जज (३६८) साधारण ५८६ वर थांबतो, ३१ वर्षांचा शोहेई ओहतानी (२८०) ५६५ वर आणि २७ वर्षांचा हुआन सोटो (२४४) ५६४ वर. जजने २०२२ मध्ये ६२ होमरन मारले, सोटोचा सर्वोत्तम हंगाम ४३ चा. तरीही बाँड्सला ओलांडण्याची शक्यता सोटोची सर्वाधिक, सुमारे १२ टक्के. ओहतानीची ९ आणि जजची ५. कारण साधे आहे: सोटो एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आला, तर जजला पूर्ण वेळ जागा मिळेपर्यंत त्याने पंचविशी गाठली होती. २०२५ अखेर जजला ३९५ होमरन हवे होते, म्हणजे त्याच वेगाने आणखी साडेसात हंगाम, वयाच्या एकेचाळिशीपर्यंत. सोटोला हवे असलेले ५१९ होमरन बरेच जास्त आहेत, पण सध्याचा वेग टिकला तर तो चाळिशीच्या आतबाहेर तिथे पोहोचतो. त्या वयातही संघाने त्याला रोज मैदानात उतरवायला हवे. हँक ॲरनला ते भाग्य लाभले, फॉक्सला नाही.