आंकड्यांचें चित्र आणि आजोबांची शंका

गेल्या दिवाळींत आम्ही भडगांवास आमच्या भगिनीच्या घरीं चार दिवस पाहुणे होतों. सकाळची वेळ, अंगणांत ठिपक्यांची रांगोळी चालली होती, आणि ओसरीवर आमचा भाचा घरच्या शेताचीं दोन चित्रें आजोबांस दाखवीत होता. एक २०१८ च्या आश्विनांतलें, दुसरें २०१९ च्या आश्विनांतलें. उपग्रहाच्या मोजमापांवरून त्यानें तीं स्वतः संगणकावर तयार केलीं होतीं. दोन्हीं सारखींच हिरवींगार! आजोबा चष्मा पुसून पुन्हां पाहूं लागले आणि म्हणाले, "अरे, २०१८ सालीं आपली कपाशी गुडघ्याएवढी देखील झाली नव्हती. राज्यांतल्या १५१ तालुक्यांत सरकारनें दुष्काळ जाहीर केला, तें वर्ष हें. तुझ्या कागदावर मात्र शेत डुलतें आहे!"

"पण आजोबा, आंकडे अगदीं बरोबर आहेत," भाचा म्हणाला.

आजोबांचा अनुभव खरा आणि भाच्याचे आंकडेहि खरे. मग चुकलें कोठें? हें समजण्यास आंकड्यांचें चित्र कसें होतें तें आधीं पाहिलें पाहिजे.

अंगणांतली रांगोळी मोजून मांडलेल्या ठिपक्यांवर उभी असते. संगणकांतील चित्रहि तसेंच रांगा आणि स्तंभ यांचें एक कोष्टक असतें. प्रत्येक घरांत ० ते २५५ पर्यंतचा एक आंकडा. ० म्हणजे काळें, २५५ म्हणजे पांढरें, मधले सारे करडे. रंगीत चित्रास तांबडा, हिरवा व निळा अशीं तीन कोष्टकें एकावर एक ठेवावीं लागतात. १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल किर्श यांनीं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र संगणकांत उतरविलें, तें १७६ रांगा व १७६ स्तंभ एवढ्याच कोष्टकाचें होतें. आज पायथन नांवाच्या संगणकभाषेंत 'नंपाय' हें साधन असें कोष्टक सांभाळतें, आणि 'पिलो' हें दुसरें साधन एका आज्ञेसरशीं त्याचें चित्र करून देतें.

अडचण एवढीच कीं, निसर्गाचे आंकडे ० ते २५५ च्या मापांत येत नाहींत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचीं मोजमापें कोणासहि विनामूल्य मिळतात. त्याचें एक घर जमिनीवर दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा एक आर, जवळजवळ एक गुंठा. दोन हेक्टर शेतास असे सुमारें २०० आंकडे पुरतात. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतें व डोळ्यांस न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परत फेंकतें. या दोन मोजमापांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेनें भागलें कीं −१ ते +१ या मर्यादेंत हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. उघडी माती शून्याच्या थोडी वर, दाट पीक त्याहून पुष्कळच वर.

हे अपूर्णांक भाच्यानें प्रथम तसेच चित्रांत घातले. पूर्णांक करतांना दशांशचिन्हापुढचें सारें गळालें, आणि हातीं आलें निव्वळ काळें चित्र! उलट, उपग्रहाचीं हजारांच्या घरांतलीं मूळ मोजमापें तशींच कोंबलीं असतां २५५ नंतर पुन्हां ० येतो, आणि पांढऱ्या शुभ्र ढगांतहि काळे डाग उमटतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक आंकड्यांतून सर्वांत लहान आंकडा वजा करावा, सर्वांत मोठा व सर्वांत लहान यांच्या अंतरानें भागावें आणि २५५ नें गुणावें.

भाच्यानें हेंच केलें. परंतु प्रत्येक वर्षास त्याच वर्षाचा लहान-मोठा आंकडा घेतला. उदाहरणादाखल, दुष्काळी वर्षाचे आंकडे ०.१ ते ०.३ व सुकाळाचे ०.१ ते ०.८ आहेत असें धरूं. पहिल्या चित्रांत ०.३ हाच सर्वांत मोठा, म्हणून त्यास २५५, म्हणजे गर्द हिरवा रंग मिळतो. दुसऱ्या चित्रांत तोच ०.३ केवळ ७३ वर येतो. मापच बदललें, म्हणून दुष्काळाचें शेत सुकाळासारखें दिसलें. चित्रें काढण्याचें 'मॅटप्लॉटलिब' हें साधन तर, मर्यादा न सांगितल्यास, आपणहून असेंच करतें.

भाच्यानें दोन्ही वर्षांस ०.१ ते ०.८ हें एकच माप लावलें. २०१८ चें चित्र क्षणांत मातकट झालें. आजोबांनीं तें बराच वेळ न्याहाळलें आणि हळूच म्हणाले, "हं. हें आपलें शेत."

ही गोष्ट घरापुरती नाहीं. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या दुष्काळ-व्यवस्थापन-पुस्तिकेनें पिकांची स्थिति पाहण्यासाठीं अशाच उपग्रह-निर्देशांकांस स्थान दिलें आहे. त्यांतल्या एका निर्देशांकाची रीत तर भाच्याच्या गणितासारखीच आहे. भेद इतकाच कीं, तेथें किमान व कमाल आंकडे एका वर्षाचे न घेतां त्याच जागेच्या अनेक वर्षांतून घेतात. दवाखान्यांतील सीटी स्कॅनचेंहि तसेंच. हवेस −१०००, पाण्यास ० अशा आंकड्यांतून डॉक्टर कधीं फुप्फुसाची, कधीं हाडाची मर्यादा निवडतात, आणि एकाच मोजमापाचीं निरनिराळीं चित्रें होतात.

तेव्हां आमच्या वाचकांनीं असें रंगीत चित्र हातीं येतांच दोन प्रश्न अवश्य विचारावे: यांतला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आंकडा कोणता? आणि दोन चित्रें शेजारीं ठेवलीं असतील, तर दोहोंस माप एकच आहे काय? ज्या तरुणांस चित्रें करतां येतात, त्यांनीं मूळ आंकडे टाकून देऊं नयेत, मापाची पट्टी चित्राशेजारीं छापावी, आणि छापण्यापूर्वीं तें एकदां त्या शेतांत राबलेल्या माणसास दाखवावें. आमच्या भाच्यानें आतां दोन्ही कागदांवर ती पट्टी काढली आहे, आणि आजोबांनीं ते जपून आपल्या सातबाऱ्याच्या पिशवींत ठेवले आहेत.