पोरगा टी-शर्ट का काढत नाही?

बुरोंडीच्या किनाऱ्यावर पोरं उघड्या अंगाने होड्या ढकलतात, लाटांत उड्या मारतात. एखादाच पोरगा मात्र ओला टी-शर्ट अंगाला चिकटला तरी काढत नाही. वाढलेल्या छातीची लाज. ऑपरेशन करावं का, हा प्रश्न त्याच्या मनात घोळतोय. तो उघड विचारायला हवा.

निम्म्याहून अधिक! वयात येताना इतक्या मुलांची छाती थोडीफार वाढते. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. पंधरा वर्षांच्या पोराला घाईने ऑपरेशनला नेऊ नका. चिडवणाऱ्यांना मात्र गप्प करा.

तान्ह्यालाही होतं. आईच्या हार्मोनमुळे बाळाची छाती फुगते, कधी थेंबभर दूधही येतं. ते पिळण्याची जुनी पद्धत वाईट. त्याने गळू होऊ शकतं.

चरबी की ग्रंथी? उताणं झोपून दोन बोटांची चिमूट दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे न्या. खाली रबरासारखी चकती लागली तर ग्रंथी, नुसतं मऊ लागलं तर चरबी. चरबी वजनाबरोबर उतरू शकते. ग्रंथी जोर-बैठका काढून जात नाही.

कारण शोधा आधी. जिममधली स्टेरॉइडची इंजेक्शनं, दारूने बिघडलेलं यकृत, थायरॉइड, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं, क्वचित वृषणाची गाठ. दुसऱ्या महायुद्धात उपाशी ठेवलेले युद्धकैदी सुटून पोटभर जेवू लागले, तेव्हा त्यांच्यातही छाती वाढलेली दिसली! एकाच बाजूला कडक गाठ किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

शस्त्रक्रिया तेराशे वर्षांहून जुनी. सातव्या शतकात ग्रीक वैद्य पॉलस एजिनेटाने चंद्रकोरीसारखा छेद घेऊन पुरुषाची छाती कमी करण्याची रीत लिहून ठेवली. आज स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात आणि लायपोसक्शनने चरबी ओढतात. वण सहसा फारसा दिसत नाही. रक्त साकळणं, स्तनाग्र बधिर होणं, जास्त काढल्यास खळगा पडणं हे धोके डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.

मग कधी करावी? वाढ थांबलेली, कारण तपासलेलं, वजन स्थिर आणि तरीही वर्षभराहून जास्त काळ ग्रंथी तशीच असेल, तर. जुनी ग्रंथी घट्ट होते, मग गोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही. अशा वेळी ऑपरेशन हा नखरा नाही. मोकळ्या छातीने जगायचं म्हणून कुणी ते करत असेल तर घरच्यांनी पाठीशी उभं राहावं.

नंतर साधारण चार ते सहा आठवडे घट्ट जॅकेट घालावं लागतं, जड ओढकामही बंद. जाळी ओढणाऱ्याला हे जमायचं कसं? आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंदच असते. बोटीवर जाणाऱ्यांनो, तपासण्या मे महिन्यातच उरकून घ्या आणि डॉक्टरांकडे जूनची तारीख मागा.