स्विफ्ट सुरतेत किती देते?

मारुती सुझुकीची चौथ्या पिढीची स्विफ्ट मे 2024 मध्ये बाजारात आली. गुजरातमधल्याच हंसलपूरला ती तयार होते. दिसायला टुमदार, आणि कागदावर मायलेज लिटरला 24.80 किलोमीटर, ऑटोमॅटिक गिअरचं 25.75.

हे आकडे चाचणीचे. गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर ठरलेल्या चक्रात धावते. वेग ताशी 90 च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. एसी बंद, तोही मे महिन्यातल्या सुरतेत! उधना दरवाजाजवळ कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेला टेम्पो पुढे, मेट्रोच्या कामाचे पत्रे बाजूला आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. उभ्या गाडीचं मायलेज शून्यच.

हीच गाडी उधना-लिंबायतच्या खानदेशी कुटुंबाला घेऊन बारडोली, व्यारामार्गे नवापूरकडे निघाली, की वरच्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने धावते आणि आकडा सुधारतो. मात्र ताशी शंभरच्या पुढे गेलात, तर हवेचा विरोध तो पुन्हा खाली खेचतो.

सप्टेंबर 2024 मध्ये सीएनजी स्विफ्ट आली : किलोला 32.85. इथे लिटर आणि किलोची थेट तुलना फसवी. रुपयाला किती किलोमीटर, ते पाहावं. शिवाय सिलिंडर डिकी खातो, गावच्या सामानाचं काय ते आधी ठरवा.

खरा आकडा हवा असेल, तर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करून किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. टायरमधली हवाही तेव्हाच तपासून घ्या.