उंबरातली केंबरं म्हणजे कीड नव्हे

पैनगंगेच्या आणि पूर्णेच्या काठानं, ज्ञानगंगा अभयारण्यातल्या नाल्यांवर, शेताच्या बांधांवर, अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात उंबर आहे. आणि जिथे उंबर आहे तिथे हे वाक्य हमखास ऐकू येतं : "फळं लय लागतात, पण सगळी किडकी." वर सल्लाही मिळतो, कपाशीवर मारतो तेच औषध मारा, फळ साफ निघेल. हे ऐकून गप्प बसवत नाही. केंबरं मारली तर साफ उंबर मिळणार नाही, उंबरच मिळणार नाही.

बोंडअळी तयार होत असलेल्या बोंडात शिरते आणि त्याची नासाडी करते. उंबराचं तसं नाही. इथे कीटक आत गेल्याशिवाय फळ धरतच नाही. आपण फळ म्हणतो तो मुळात आत वळलेला फुलोरा असतो. शेकडो बारीक फुलं आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक छिद्र असतं. कोवळ्या उंबराच्या वासावर सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची जेमतेम दोन मिलिमीटरची मादी येते. गांधीलमाशीची ही दूरची नातलग त्या छिद्रातून आत घुसते तेव्हा तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंड्याबरोबर ती स्रावाचा थेंबही सोडते. त्या फुलाचं बीजांड फुगून गाठ बनतं आणि त्यावर अळी पोसते. पराग मिळालेल्या, पण अंडं नसलेल्या फुलांत बी धरतं.

माशी आलीच नाही, तर झाड तो फुलोरा फार काळ पोसत नाही, गाळून टाकतं. फळ टिकवायचं की सोडायचं, हे ऑक्सिन, जिबरेलिन अशा संप्रेरकांवर ठरतं आणि परागण व वाढणारी बीजांडं त्यांना चालना देतात. शंका असेल त्यांनी उंबराचा भाऊबंद असलेल्या अंजिराचा इतिहास पाहावा. 1880 च्या दशकात कॅलिफोर्नियात तुर्कस्तानातले स्मर्ना अंजीर लावले. झाडं जोमानं वाढली, पण फळं कोवळी असतानाच गळत राहिली. 1899 मध्ये अल्जीरियातून त्या अंजिराची माशी आणून सोडली, तेव्हा पीक हाती आलं. पुढे 1949 मध्ये क्रेन आणि ब्लोंडो यांनी त्याच प्रकारच्या अंजिरावर ऑक्सिनसारखी कृत्रिम रसायनं फवारून माशीशिवाय फळ धरायला लावलं. त्यात रुजणारं बी मात्र नव्हतं.

पिकण्यातही माशीचा हात असतो. इस्राएलचे जेकब गलील आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये आपल्या पिंपळाच्या फळातले वायू मोजून दाखवले. बंद फळात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. त्यात माद्या सुस्त राहतात, बिनपंखी नर मात्र कामात असतात. नरांनी भिंत कोरून बोगदा पाडला की हवा आत येते, माद्या जाग्या होतात आणि पराग घेऊन बाहेर पडतात. मग इथिलिन वाढतं आणि फळ पिकतं. केळी पिकवतात तोच हा वायू.

पिकलं उंबर फोडल्यावर दिसणारी केंबरं ही बहुतेक मागे राहिलेली मंडळी. त्यात सगळेच उपकारकर्ते नसतात, हेही सांगायला हवं : बाहेरून लांब सुई खुपसून अंडी घालणाऱ्या काही जाती पराग आणत नाहीत, नुसत्या आयत्या वाढतात. पण फवारा दोघांत फरक करत नाही. परागवाहक मादी जगते एक-दोन दिवस. एका झाडावरची उंबरं साधारण एकाच अवस्थेत असल्यामुळे तिला तेवढ्या वेळात दुसरं झाड गाठावं लागतं. ती वाटेत मेली तर तिथली उंबरं गळतील आणि तांबट, हरियाल, वटवाघळं, ज्ञानगंगेतली अस्वलं उपाशी राहतील. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं उंबर आणि त्यातले हे कीटक अभ्यासत आले आहेत. आपण मात्र पंप पाठीला लावायला निघालो.

बाकीचे समज थोडक्यात. उंबराला फूल नसतं, किंवा मध्यरात्री एकच उमलतं : कोवळं उंबर उभं चिरा, फुलंच फुलं दिसतील. केंबरं चावतात : मादीची सुई अंडी घालण्यासाठी असते, माणसाला तिचा त्रास नाही. जैन आचारात उंबर वर्ज्य, ती अंधश्रद्धा : मुळीच नाही, उंबरात जीव असतात हे निरीक्षण अचूक आहे. प्रत्येक अंजिरात मेलेली माशी असते : पुरंदरच्या बागांतलं पुणे अंजीर परागणाशिवायच धरतं, त्याला माशी लागत नाही, तुर्कस्तानातून येणाऱ्या स्मर्ना प्रकारच्या सुक्या अंजिराला मात्र लागते.