ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी एसएमपीएस बघा
(घरचा संगणक : लेखांक 7)

मागच्या लेखात आपण जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. मशीन झटपट सुरू व्हायला लागलं, की लगेच पुढचा प्रश्न येतो : आता यात एखादं ग्राफिक्स कार्ड टाकलं तर? टाकता येतं. पण कार्डाचे पैसे मोजण्याआधी कॅबिनेटचं झाकण काढून आत बघा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

गणपतीच्या थोडं आधी, म्हसळ्यात लग्नांचं शूटिंग करणारा एक मुलगा त्याचा असेंबल केलेला टॉवर माझ्याकडे घेऊन आला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह 4590 प्रोसेसर, म्हणजे 2014 सालचा माल. मोबाइलवर काढलेली फोर-के क्लिप एडिटिंगला घेतली की चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. ‘‘रात्री रेंडर लावून झोपतो दादा, सकाळी बघतो तर निम्मंच झालेलं असतं,’’ तो म्हणाला. जीटीएक्स 1650 हे सेकंडहँड कार्ड त्याने ठरवूनही ठेवलं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचं आणि बसवायचं, एवढंच काम बाकी आहे असं त्याला वाटत होतं.

कार्डाची निवड चांगली होती. मदरबोर्डवरचा लांबलचक पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट वीज देतो, आणि 1650 ची भूक तेवढीच आहे. त्यामुळे या कार्डाच्या बऱ्याच मॉडेलना एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, वेगळी वायर जोडावी लागत नाही. काहींना मात्र सहा पिनांची वायर लागते, तेव्हा विकत घेताना कार्डाची वरची कड बघायची.

मग आम्ही झाकण काढलं. आपल्याकडची हवा दमट आणि खारट. स्लॉटमागच्या पट्टीचे स्क्रू गंजून लाल झाले होते, पंख्यावर धुळीचा ओलसर थर बसला होता आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलं होतं. एसएमपीएस ओढून बाहेर काढला. त्याच्यावर ठळक अक्षरांत 450 वॅट छापलेलं. ते वाचून फसू नका. खालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टचा रकाना शोधा, कारण प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. तिथे लिहिलं होतं 16 अँपिअर. 16 गुणिले 12, म्हणजे 192 वॅट. आता खर्च मांडा : प्रोसेसर 84, कार्ड 75, बोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून चाळीसेक. बेरीज जाते दोनशेला. म्हणजे रेंडर लागलं की सप्लाय धापा टाकणार आणि मशीन मध्येच बंद पडणार. अशा वेळी दोष कार्डाला दिला जातो आणि माणूस चांगलं कार्ड परत करायला मुंबईची एसटी धरतो.

त्याला मी आधी एसएमपीएस घ्यायला लावला. नव्यावरही 450 वॅटच लिहिलंय, पण 12 व्होल्टवर 34 अँपिअर, म्हणजे 408 वॅट. आकडा तोच, माल वेगळा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून किती वेळा जाते-येते ते सांगायला नको. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसलं, तेव्हा तर दिवसचे दिवस अंधार होता. अशा ठिकाणी सप्लायवर काटकसर करणं मला अजिबात पटत नाही.

कंपनीचा जुना ऑफिस डेस्कटॉप असेल तर आणखी जपा. बारीक कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि त्याचा एसएमपीएस बहुधा वेगळ्या मापाचा असल्याने बाजारातला साधा तिथे चालत नाही.

स्वस्तात मिळणाऱ्या दोन कार्डांबद्दल. जीटी 1030 फक्त 30 वॅट खातं, व्हिडिओ बघायला उत्तम. पण व्हिडिओ तयार करताना प्रोसेसरचा भार हलका करणारा एन्कोडर त्यात नाही. आरएक्स 6400 मध्येही तो नाही. शिवाय ते स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर आणखी मंदावतं. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने ही दोन्ही घेऊ नयेत. आणि 1050 टीआय कोणी स्वस्तात देत असेल तर एवढं लक्षात ठेवा : त्या पिढीला गेम आणि नव्या सॉफ्टवेअरसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हीडियाने ऑक्टोबर 2025 नंतर थांबवलं आहे, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात.

बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड उचला. जुनं कार्ड असेल तर त्याचे सोनेरी दात शाळेतल्या साध्या खोडरबराने हलकेच पुसा आणि चुरा झटका. आमच्या हवेत हा उपाय रॅमलाही लागतो. स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक्’ वाजेपर्यंत कार्ड सरळ दाबा आणि स्क्रू आवळा.

त्या मुलाने सगळं नीट बसवलं, तरी पडदा काळाच. मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डलाच होती! ती कार्डात लावायला गेलो तर दुसरी अडचण : त्याचा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए वायरीचा, आणि 1650 ला ते तोंडच नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं कन्व्हर्टर आणेपर्यंत दोन दिवस मशीन तसंच पडून राहिलं. तुमचा मॉनिटर कोणत्या वायरीचा आहे ते आजच बघून ठेवा.

आता त्याचं रेंडर रात्री जेवायच्या आधी लागतं आणि झोपायच्या आधी संपतं. प्रोसेसर तोच आहे, बोर्डही तोच.

हा अंक वाचून झाला की प्लग काढा, झाकण उघडा आणि एसएमपीएसवरच्या तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. दुकानात गेलात की कार्डाचा भाव विचारण्याआधी तो फोटो दाखवा.